मालकाचा पाट

रूथबाईंचे मालक काय करतात, हा प्रश्न आमच्या वॉर्डात नव्यानं राहायला आलेलं प्रत्येक मराठी कुटुंब विचारायचं, आणि प्रत्येक कुटुंब फसायचं. हिंदी बोलणारे शेजारी कधी फसले नाहीत. त्यांच्या भाषेत मालिक म्हणजे वरचा, देव. उठता-बसता ते त्याचं नाव घेतात. पण आम्हा मराठी माणसांत बाईच्या तोंडी मालक आला की तो तिचा नवरा. आमचे मालक दौऱ्यावर गेलेत, आमच्या मालकांना कारलं चालत नाही. बालाघाटात या दोन्ही भाषा एकाच नळावर पाणी भरतात, त्यामुळे असे हंडे बदलायचेच.

रूथबाई साळवे मिशनच्या बायबलबाई. पिशवी खांद्याला लावून गावोगाव फिरायचं, बायकांना जमवायचं, येशूच्या गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं काम. मूळच्या अचलपूरकडच्या. उंच, काळ्यासावळ्या, पाठ ताठ. निळ्या काठाचं पांढरं लुगडं आणि हातात पुरुषी छत्री. ती छत्री मी उघडलेली क्वचितच पाहिली, बहुतेक वेळा ती बोट दाखवायलाच लागायची. मिशनच्या आवारामागं त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं, आणि आमच्या घरामध्ये आणि त्यांच्या घरामध्ये फक्त एक मेंदीचं कुंपण. मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सगळी प्रार्थना हिंदीतून चालायची. रूथबाई मात्र मागच्या सतरंजीवरून खणखणीत मराठीत बोलायच्या. पाळकांनी एकदा गोड शब्दांत सुचवून पाहिलं. रूथबाई म्हणाल्या, "पास्टरसाहेब, त्याहीले साऱ्या भाषा येतात. मले एकच येते. मंग समजून कोणी घ्यायचं?"

पाळकांनी पुन्हा विषय काढला नाही.

तर ओव्हरसियर देशकर नागपूरकडून बदलून आले, आणि त्यांच्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात रूथबाईंना गाठलं. माझी बायको सुमन तिथं होती. तिनं ही हकिकत इतक्या वेळा सांगितली आहे की मलाच ती पाहिल्यासारखी वाटते.

"तुमचे मालक काय करतात?" देशकरबाईंनी विचारलं.

"पहिले सुतारकाम करत होते," रूथबाई म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता राज्य करतात."

देशकरबाई सरळ माणूस. त्यांनी त्यातला राज्य हा शब्द तेवढा पकडला. "म्हणजे राज्य सरकारात? भोपाळला असतात का?"

"त्याच्या वर."

"अगं बाई, दिल्लीला?"

"अजून वर," रूथबाई म्हणाल्या आणि छत्री आभाळाकडे केली. पण देशकरबाईंना छत्री दिसलीच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं लाल दिव्याची मोटार उभी राहिली होती. सुतारकाम करत करत दिल्लीपर्यंत गेलेला माणूस! संध्याकाळपर्यंत वॉर्डभर झालं. देशकरांना बैहरच्या जंगलातल्या कामावर ताप धरायचा, त्यांना बदली हवी होती. बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. "आमचं एवढं मालकांच्या कानावर घाला हो."

"घालते ना. रोज सकाळीच घालते."

आणि काय सांगू, देशकरांची बदली झाली! जबलपूरला! बाई पेढे घेऊन आल्या, डोळ्यांत पाणी. "मालक कधी येणार आहेत हो? यांना एकदा पायावर डोकं ठेवायचंय."

"येणार आहेत," रूथबाई म्हणाल्या. "आम्ही सारे वाटच पाहून राह्यलो."

मी नंतर कुंपणावरून विचारलं, "रूथबाई, त्या बिचारीला खरं काहून नाही सांगितलं?"

"मास्तर, यातलं खोटं कोणतं ते तुम्ही दाखवा."

मी तसा वादाला मागं हटणारा माणूस नाही. सुमन म्हणते, मला भिंतीशीही भांडता येतं. पण त्या दिवशी माझ्या हातात पेढा होता, आणि खरंच खोटं काही सापडेना.

या शब्दाशी माझं वाकडं होतं ते वेगळ्या कारणासाठी. आमच्या वस्तीनं नुकताच धम्म घेतला होता. छप्पन सालची ती हवा ज्यानं अंगावर घेतली त्यालाच कळेल. गळ्यातले गंडे गेले, घरातले देव गेले, माणसं सरळ उभी राहून बोलायला लागली. माझा बाप रामपायलीकडे एका मालगुजाराच्या शेतावर राबला. भाकरी लांबून ओंजळीत पडायची आणि तोंडात शब्द एकच, मालक. मालक, पाणी. मालक, दया. त्या शब्दाचा मला विटाळ होता, म्हटलं तरी चालेल. आणि इथं ही बाई, शिकलेली, कोणाच्या बापाला न घाबरणारी, तोच शब्द हौसेनं मिरवते! तिचे आजोबा आमच्यातलेच, आमच्या आधी दोन पिढ्या वेगळ्या दारातून बाहेर पडलेले. म्हणून तर मला जास्त राग.

एका रविवारी मी तोंडावरच म्हणालो, "एका मालकाच्या हातून सुटायला आम्हाला जन्म गेले. तुम्ही आपल्या पायानं दुसरा मालक काहून शोधता? माणसानं आपलं आपण तरावं."

रूथबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "मास्तर, तुमच्या बापाले त्याहीच्या मालकानं कधी पाटावर बसवलं का?"

"काय बोलता? अंगणातही येऊ देत नव्हते."

"माझे बसवतात. या, बसा. भात झाला."

आता या पाटाचं सांगायला हवं. रूथबाईंच्या घरी एक सागवानी पाट होता, बैहरकडच्या लाकडाचा, कोपऱ्यांवर पितळी फुल्या ठोकलेला. शनिवारी त्याला तेल लागायचं. दुपारी जेवणाच्या वेळी तो पाट मांडला जायचा, समोर ताट, उजवीकडं पाण्याचा तांब्या. पाट मालकाचा. रूथबाई स्वतः बाजूला भुईवर बसायच्या. त्या वेळी दारात जो येईल तो त्या पाटावर बसायचा, मग तो कोणी का असेना. टोपल्या विकणारा, चुकलेला वाटसरू, जप्तीचा कागद घेऊन आलेला शिपाई. कोणी आलं नाही तर थोडा वेळ वाट पाहून त्या ताट झाकून ठेवायच्या आणि जेवायच्या. पण पाटावर त्या स्वतः कधी टेकल्या नाहीत. सुमननं एकदा गंमत म्हणून आग्रह केला तर चक्क ओरडल्या तिच्यावर.

त्या रविवारी मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात मला कोणी पाट दिला होता. पायावर पाणी घालून, आधी मला वाढून. अंबाडीची भाजी होती. मी घास घेतला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. रूथबाई तिकडं न पाहता म्हणाल्या, "मीठ कमी झालं का?" मी हौ म्हणालो आणि त्यांनी मीठ वाढलं. त्यांचा देव मला पटला नाही, आजही पटत नाही. पण वाद घालताना माझा आवाज त्या दिवसानंतर चढला नाही, हेही खरं.

रूथबाईंसारखी बढाईखोर बाई मी दुसरी पाहिली नाही. स्वतःची नाही, मालकाची बढाई. शेजारीण पोराचे मार्क सांगते, सोनार सोन्याचा कस सांगतो, तशा त्या मालकाचा मोठेपणा सांगायच्या, आणि समोरच्याचा मोठेपणा त्याच्यापुढं मोजून दाखवायच्या. एकदा मी शाळेच्या कामानं बैहरला निघालो होतो, बसमध्ये रूथबाई पुढच्या बाकावर. बस खच्चून भरलेली. वाटेत एका साहेबाची जीप बिघडून उभी होती. त्यांचा चपराशी बसमध्ये चढला आणि लागला बायाबापड्यांना उठवायला. "उठो, उठो! साहब आ रहे हैं! बड़े साहब हैं!" एका म्हाताऱ्या गोंड बाईला त्यानं दंडाला धरून उठवलं. साहेब बिचारा अजून खालीच उभा होता, त्याला काही माहीतही नव्हतं.

रूथबाईंची छत्री आडवी झाली.

"काहून रे बाबू, तुझा साहेब लई मोठा आहे का?"

चपराशी मराठी कळणारा निघाला. "हौ. मोठे आहेत."

"तुझे पाय धुतले का त्यानं कधी?"

"साहेब माझे पाय कायले धुतीन?"

"मंग मोठा कसा? माझ्या मालकानं धुतले आपल्या हाताखालच्या लोकाइचे. कमरेले टावेल बांधून, खाली बसून. एकेकाचे धुतले. त्या रांगेत त्याले वैऱ्याच्या हाती धरून देणाराही होता बसलेला, मालकाले माहीत होतं, तरी त्याचेही धुतले. मोठा मोठा म्हणतेस, मोठेपणा असा असते. बस खाली, त्या बाईले जागा दे."

सारी बस हसली. चपराशी कानापर्यंत लाल झाला आणि त्या बाईला जागा मिळाली. साहेब उभ्यानं आला, वाटभर दांड्याला धरून. मजा म्हणजे त्या चपराशाचं काही काम निघालं बालाघाटात, तेव्हा तो पत्ता विचारत रूथबाईंकडं आला, बरोबर जेवणाच्या वेळेला, आणि पाटावर बसून पोटभर जेवून गेला. मी कुंपणावरून पाहत होतो. मला तेव्हा इतका अभिमान वाटला की कोणाला तरी धरून सांगावं, ही आमची शेजारीण बरं का.

मालक कोण हे सुमनला कळायला वेळ लागला नाही, पण बाईचं मन, तिनं एकदा विचारलंच. "बाई, तुमचं लग्न झालं होतं का?"

"झालं होतं. नवरा होता," रूथबाई म्हणाल्या. "मालक नव्हता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नवऱ्याचं नाव दौलत. तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. दारू प्यायचा, मारायचा. एक दिवस दुसरी बाई घरात आणली आणि रूथबाईंना पेटीसकट बाहेर काढलं. पेटी घेऊन त्या तिरोडीच्या स्टेशनावर जाऊन बसल्या. कुठं जायचं ठाऊक नाही, पोटात काही नाही. तिथल्या गँगमनच्या बायकोनं त्यांना पाहिलं, घरी नेलं, पायावर पाणी घातलं, पाट मांडला आणि वाढलं. कोण, कुठली, काही विचारलं नाही. "मी लहानपणापासून देवळात जात होती, सुमन. प्रभू प्रभू म्हणत होती. पण तारणारा म्हणजे काय ते मले त्या पाटावर समजलं. मी मागितलं नव्हतं, माझ्याजवळ द्यायले काही नव्हतं, तरी कोणी तरी म्हटलं, बस. त्या दिवसापासून मालक एकच."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

दौलत आला तो साठचं दशक संपत आलं तेव्हा. रविवारची दुपार. सुमननं वांग्याची भाजी करून वाटी माझ्या हातात दिली होती, ती द्यायला मी गेलो. पाट मांडलेला, ताट वाढलेलं. आणि ओट्याच्या पायरीवर एक माणूस बसला होता, बोचकं मांडीवर घेऊन, खोकत. खोकला असा की बरगड्या मोजून घ्याव्यात. रूथबाई दारात उभ्या, हातात वरणाची पळी. पळीतून वरण खाली गळत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"रूथ, वळखलं का?" तो म्हणाला.

त्यानं आत पाहिलं. पाट दिसला, ताट दिसलं.

"कोणाचं ताट आहे?"

"मालकाचं," त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं.

आणि त्या माणसाचा चेहरा बदलला. त्याचे डोळे भरून आले. "माझं? इतके वर्षं तू माझा पाट मांडत होती?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा अंगाचा भडका उडाला. हा दौलत! मालक म्हणजे आपणच, असं त्याला वाटलं होतं. ज्यानं पेटीसकट बाहेर काढलं, तो पायरीवर बसून रडत होता, की बायको आपली वाट पाहत राहिली!

रूथबाई वळल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मी मागं गेलो. "हाकलून द्या," मी म्हणालो. "तुम्हाला जमत नसेल तर मी हाकलतो. त्याची हिंमत कशी झाली?"

त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. श्वास जोरात चाललेला. "मास्तर, मालकानं मले आज कोंडीत पकडलं."

"कसली कोंडी? घर तुमचं आहे."

"घर माझं आहे. पाट माझा नाही ना. त्याच्यावर चोर बसला असीन, दारूडा बसला असीन, मी कोणाले नाव विचारलं का कधी? आज याले उठ म्हटलं तर पाट मालकाचा राह्यला नाही, माझा झाला. मंग इतके वर्षं मी काय मिरवून राह्यली?" त्यांचा आवाज फाटला. "नाही बसवायचं मले याले. देवाशपथ नाही बसवायचं. माझ्या अंगावर अजून माराचे डाग आहेत."

त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. बाहेर तो खोकत होता. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "धरून देणाऱ्याचेही धुतले होते," आणि पळी ठेवून तांब्या उचलला.

बाहेर येऊन म्हणाल्या, "पाय पुढं करा."

तो वाकायला गेला तर खोकल्यानं त्याला वाकता येईना. तेव्हा त्या खाली बसल्या आणि त्यांनीच धुतले. खाणीची ती काळी धूळ कातड्यात मुरलेली, ती काही निघाली नाही. रूथबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. माया वगैरे काही त्या चेहऱ्यावर नव्हती, मी खोटं सांगणार नाही. पण हात नीट चालत होते, बोटांच्या बेचक्यांतून, टाचांवरून.

"आता बसा. पण आधी एक ऐका," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "हा पाट तुमच्या नावाचा नाही. मालक दुसरे आहेत. तुम्ही त्याहीचे पाहुणे आहा."

दौलत दचकला. "दुसरे? तू दुसरं घर केलं? कुठं आहेत ते?"

"इथंच आहेत."

त्यानं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच नाही म्हणालो. मग त्यानं कोपऱ्याकडं, दाराआड पाहिलं. भूक मोठी होती, तो बसला, पण पाटाच्या अगदी काठावर, कोणी येऊन उठवेल अशा बेतानं. त्या प्रसंगातही मला हसू आलं. रूथबाईंना आलं नाही. त्यांनी भात वाढला.

दौलत राहिला. ओट्यावर खाट टाकून दिली त्याला. वॉर्डातल्या जिभा चालल्या, कोणी म्हणालं मूर्ख बाई, कोणी म्हणालं शेवटी बाईची जात. मी दोघातिघांशी भांडलो. रूथबाईंना त्याचं काही नव्हतं. दवाखान्यात नेत, औषध देत, वेळेवर ताट देत. बोलणं कामापुरतं. मालक कोण ते त्याला हळूहळू उमगलं, तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. मेलेल्या माणसाशी कुठं सवत-भांडण करता येतं का, असं मला म्हणाला. मी म्हणालो, "ते मेलेले नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही त्यांच्याशीच बोला." मी कोणाची बाजू घेऊन बोलत होतो ते माझं मलाच नवल वाटलं.

एकदा माझ्यासमोरच तो म्हणाला, "रूथ, मी आता काही दिवसाचा. एकदा मले मालक म्हण. साऱ्याइच्या बायका म्हणतात."

रूथबाईंनी औषधाचं पाणी त्याच्या हातात दिलं. "भात मागा, औषध मागा, रागावून घ्या. हा शब्द मागू नका. तो आधीच देल्ला आहे."

दौलत पाणी प्याला आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

मग ती दुपार आली. मी कुंपणाशी मेंदी छाटत होतो. दौलत पाटावर जेवायला बसलेला, आता नेहमीसारखा, नीट मांडी घालून. पहिला घास घेतला असेल नसेल, तर फाटकातून एक म्हातारा आला, जंगलाकडचा, डोक्यावर झाडूंचा भारा. घामानं लडबडलेला. रूथबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. मला वाटलं हा आता त्याला झाडून काढतो.

दौलतनं ताट बाजूला सरकवलं. दोन्ही हात टेकून, खोकत खोकत, तो पाटावरून खाली उतरला आणि भुईवर बसला. "बसो बाबा," त्यानं म्हाताऱ्याला हिंदीत म्हटलं. "यह मालिक का पाट है. मैं भी मेहमान हूँ."

रूथबाई दारात आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. म्हाताऱ्याच्या पायावर पाणी घातलं, त्याला वाढलं. मग आपलं ताट घेतलं आणि दौलतच्या शेजारी भुईवर जेवायला बसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ती दोघं नुसती जेवली. मी मेंदी छाटायची सोडून उभा होतो ते सुमननं हाक मारेपर्यंत. संध्याकाळी रूथबाई कुंपणाशी आल्या, डोळे लाल, पण मान कशी वर! "मास्तर, पाह्यलं का? मी नसतं करू शकली हे. मारून मुटकूनही नसतं झालं माझ्यानं. माझे मालक किती मोठे आहेत सांगा!"

त्या उन्हाळ्यात दौलत गेला. दफनभूमीत पाळकांनी हिंदीतून प्रार्थना केली. लोक पांगल्यावर रूथबाई म्हणाल्या, "माझा नवरा गेला." आजवर नवरा होता एवढंच म्हणत आल्या होत्या, 'माझा' हा शब्द मी त्याच दिवशी ऐकला.

वयाच्या सत्तरीनंतर त्यांचे गुडघे गेले, काम सुटलं, घर मिशनला परत द्यायचं झालं. अचलपूरहून भाची न्यायला आली. सामान म्हणजे काय, ती तिरोडीची पेटी आणि पिशवी. पाट त्यांनी सकाळीच सुमनच्या हातात दिला. मी म्हणालो, "रूथबाई, आमच्याकडे मालक नाही, ठाऊक आहे ना?"

"नसू द्या. पाहुणा तर येईल," त्या म्हणाल्या.

बस दुपारची होती. निघताना निरोप घ्यायला त्या भाचीच्या खांद्याचा आधार घेत आमच्या दारात आल्या, आणि वेळ नेमकी जेवणाची. सुमननं पाट मांडला, ताट वाढलं. मी तांब्या घेऊन उभा राहिलो.

"बसा, रूथबाई."

"मी?" त्या मागं सरल्या. "मालकाच्या पाटावर? मी नाही बसत. खाली बसते."

"पाट आता तुमच्या घरचा नाही," मी म्हणालो. "जेवायच्या वेळेले जो दारात येईल तो बसते. नेम तुमचाच आहे. आज तुम्ही पाहुणे आहा."

त्यांनी सुमनकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं. मी खाली बसलो आणि त्यांच्या पायावर पाणी घातलं. गावोगाव फिरून भेगाळलेले पाय. मी धुतले, दोन्ही, बोटांच्या बेचक्यांतून, टाचांवरून, जसे त्यांनी त्या दिवशी धुतले होते. माझा बाप असता तर काय म्हणाला असता ठाऊक नाही. मला मात्र त्या वेळी फार ताठ वाटत होतं, वाकलेलो असूनही.

"मास्तर," त्या हळू म्हणाल्या, "मालकानं मले पुन्हा कोंडीत पकडलं."

भाचीनं आणि सुमननं धरून त्यांना बसवलं. तिरोडीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या पाटावर बसल्या असतील. पाठ ताठ केली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटून काही पुटपुटल्या. मग डोळे उघडले ते पाण्यानं भरलेले, आणि बढाई तीच.

"पाह्यलं का वो?" त्या भाचीला म्हणाल्या. "हे मास्तर त्याहीले मानत नाहीत. तरी माझ्या मालकानं याहीच्या घरात माझा पाट मांडून ठेवला. इतके मोठे आहेत!"

मी वाद घातला नाही. भातावर वरण वाढलं आणि विचारलं, "मीठ कमी झालं का?"